वाइंडिंगचं काम आटून राहिलं आहे. सौर पंप शिकू की चाकणला जाऊ?

आर्णीचा वाइंडिंगवाला

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यात माझं मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं दुकान आहे. वय ४२. २००३ मध्ये आयटीआयमधून वीजतंत्री झालो, तीन वर्षं दारव्ह्याच्या एका उस्तादाकडे काढली आणि २००६ मध्ये स्वतःचं शटर उघडलं. बहिणीचं लग्न, बापाचा दवाखाना, दोन खोल्यांचं पक्कं घर, सगळं याच दुकानावर झालं. थोडं लांबण लावतो आहे, पण पूर्ण सांगितल्याशिवाय सल्ला नीट मिळणार नाही.

आमच्याकडे मोटारी जळायची कारणं ठरलेली होती. थ्री फेजची पाळी रात्रीची, त्यात व्होल्टेज पडलेलं. मध्येच एक फेज गेला तरी मोटार गुरगुरत राहायची आणि वावरात सकाळी गेल्यावर कळायचं. बरेच जण टू फेजवर कंडेन्सर लावून चालवायचे, कारण गहू माना टाकत असताना थ्री फेजची वाट कोण पाहतो? त्यामुळे दिवाळी ते होळी दुकानासमोर मोटारींची ओळ लागायची. माझ्याकडे सगळ्या वर्षांच्या वह्या आहेत. २०१९ च्या डिसेंबरात ३६ मोटारी भरल्या होत्या. गेल्या डिसेंबरात १३. त्यातल्याही चार पिठाच्या चक्क्यांच्या आणि एक मिरची कांडपाची.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाण्यात बुडवून चालवायच्या सहा इंची सबमर्सिबलचा स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा भाग, २४ स्लॉटचा, म्हणजे २४ खाचांचा. त्यात पंख्यासारखी वरून गुंडाळी बसवता येत नाही. प्रत्येक फेरा स्लॉटमधून आरपार ओवावा लागतो. मी एका बाजूला बसतो, बायको समोर. मी तार ढकलतो, ती ओढते. तारेवर प्लास्टिकचं आवरण असतं. त्याला नख लागलं तरी मोटार पाण्यात उतरल्यावर अर्थ दाखवते, म्हणजे वीज बाहेर गळते. ओढताना तार कुठे खरवडली तर तिला हाताला कळतं, ती लगेच "थांबा" म्हणते. एक मोटार भरायला आम्हाला पाच-सहा तास लागतात. घरातल्या निम्म्या गोष्टी आम्ही त्या स्टेटरच्या दोन बाजूंना बसूनच ठरवल्या आहेत.

आता काम कुठे गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. २०१९ मध्ये सौर पंपांची कुसुम योजना आली, २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के, बाकी सरकारचं अनुदान. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यावर साडेसात. आमच्या एका गावाच्या शिवारात मी सायकलवर फिरून मोजले, २३ सौर पंप निघाले. दुसरीकडे सौर कृषी वाहिनीमुळे काही फीडरवर, म्हणजे शेतीच्या वीजवाहिन्यांवर, दिवसा लाइट मिळायला लागली आहे. हे चांगलं झालं असंच मी म्हणतो. माझा बाप थंडीत रात्री दोनला ओलित करायला जायचा आणि आई उजाडेपर्यंत दारात बसून राहायची. त्या रात्री मी पाहिल्या आहेत. शेतकऱ्याला दिवसा पाणी मिळालं याचं मला दुःख नाही. पण माझ्या घरात पैसा त्याच रात्रींमुळे येत होता, हेही खरंच आहे.

मागच्या महिन्यात एक ओळखीचा शेतकरी सौर पंपाचा कंट्रोलर, म्हणजे पॅनल आणि मोटार यांच्यातली पेटी, खोलून गाडीवर घेऊन आला. म्हणाला, "भाऊ, तू मोटारवाला, पाहून दे ना. कंपनीवाला पंधरा दिवसांपासून उद्या येतो म्हणते." मी झाकण उघडलं. आत बोर्ड, वरच्या पडद्याचं पुस्तक इंग्रजीत. कुठून लाइट येते, कुठे जाते, तेवढंही धड सांगता येईना. झाकण लावून परत दिलं. वीस वर्षं या भागात लोक मोटार बिघडली की माझं नाव घेतात. त्या दिवशी रात्री जेवण गेलं नाही.

माझ्यापुढे काय आहे ते सांगतो. मावसभाऊ चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, म्हणतो ये, ठेकेदाराकडे लावून देतो. पोरगा दहावीत आहे, पोरगी सातवीत. दुसरं, कोणीतरी सांगितलं की सोलरचा तीन महिन्यांचा सरकारी कोर्स असतो. तीन महिने दुकान बंद ठेवलं तर आहे ते गिऱ्हाईकही जाईल. तिसरं, एका सेवा केंद्रवाल्याने विश्वकर्मा योजनेत टूलकिट आणि कर्ज मिळते म्हणून फॉर्मचे ३०० रुपये घेतले, पुढे काहीच नाही.

मला एवढंच विचारायचं आहे. या वयात, घर न सोडता, सौर पंपाची दुरुस्ती शिकता येते का? किती दिवसांत, कुठून सुरुवात करायची? आणि ज्या पंपांची देखभाल पाच वर्षं कंपनीच करणार आहे, त्यात माझ्यासारख्याला काम तरी उरतं का? ज्यांनी स्वतः केलं आहे त्यांनी सांगावं ही विनंती.

चाकणमध्ये राहणारा पुसदकर

भाऊ, मी २०१६ पासून इकडे आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. ठेकेदाराकडे वयाच्या ४२ व्या वर्षी नवीन लागाल तर हेल्पर म्हणूनच धरतील. वीस वर्षांचा हात आहे हे तिथे कोणी विचारत नाही, कागद विचारतात. बारा तासांची पाळी, खोलीचं भाडं, मेस, गावी पाठवायला जे उरते ते मी इथे लिहीत नाही. माझं लग्न व्हायच्या आधी आलो म्हणून निभावलं. पोरगा दहावीत असताना तुम्ही घर सोडू नका. दुकान चालत नसेल तर वेगळी गोष्ट, पण १३ मोटारी म्हणजे चालते आहे अजून.

निवृत्त निदेशक, अमरावती

मी आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री या दोन्ही व्यवसायांना शिकवलं. तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट कुठेच दिसली नाही, म्हणून आधी तेच विचारतो: तुमच्याकडे तारतंत्री परवाना आहे का? आयटीआयचं प्रमाणपत्र वेगळं आणि परवाना वेगळा. माझ्या हाताखालून गेलेली बहुतेक मुलं प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवून मोकळी झाली, परवाना काढायला गेलीच नाहीत. दुकानात बसून मोटार भरायला कोणी तो मागत नाही. पण वीज जोडणीचं काम परवानाधारकानेच करायचं असा नियम आहे. उद्या तुम्ही एखाद्या पुरवठादाराचे सेवा तंत्रज्ञ व्हायला गेलात, किंवा घरांच्या छतावरच्या सोलरचं काम धरलंत, तर पहिला प्रश्न हाच येतो. जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात मूळ प्रमाणपत्र घेऊन जा आणि कोणता अर्ज, कोणती कागदपत्रं हे तिथेच समजून घ्या. दलालाला पैसे देऊ नका.

विश्वकर्माबद्दल. ती योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली आणि तिच्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी, चर्मकार, न्हावी, परीट, टोपल्या विणणारे असे परंपरेने हातावर पोट असणारे. मोटार वाइंडिंग त्यात नाही. तुमचा अर्ज पुढे गेला नाही याचं कारण तेच असणार. ज्याने तीनशे रुपये घेतले त्याला हे माहीत असायला हवं होतं.

तीन महिने बसायला जमणार नसेल तर दोन वाटा पाहा. एक म्हणजे पूर्वज्ञान मान्यता. यात आधीपासून काम येणाऱ्याला थोडक्या दिवसांचं मार्गदर्शन देऊन परीक्षा घेतात आणि प्रमाणपत्र देतात. कौशल्य विकासाच्या जिल्हा कार्यालयात सोलरची तुकडी कधी निघते ते विचारत राहा, कारण ती नेहमी नसते. दुसरी वाट म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. तिथे राहणं-जेवण फुकट असतं. तुमचं शिक्षण वाचायच्या साहित्यापाशी अडत असेल तर 'भारत स्किल्स' या सरकारी पोर्टलवर आयटीआयची पुस्तकं मोफत आहेत, मोबाइलवर उतरवता येतात.

आणि एक. व्हॉट्सॲपवर 'दोन दिवसांत सोलर इंजिनिअर, घरबसल्या सर्टिफिकेट' अशा जाहिराती फिरतात. माझ्या दोन विद्यार्थ्यांचे पैसे तसे गेले. ज्या ठिकाणी तुमच्या हातात मीटर देत नाहीत, तिथे पैसे देऊ नका.

सौर तंत्रज्ञ, हिंगणघाट

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. कंट्रोलरचं झाकण लावून परत दिलं ते बरंच केलं. का ते खाली सांगते.

मी वर्धा जिल्ह्यातली. आयटीआय तारतंत्री. २०१९ मध्ये सूर्यमित्र केलं, तुम्हाला जो तीन महिन्यांचा कोर्स सांगितला तो बहुधा हाच. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा कार्यक्रम आहे. मी केला तेव्हा ६०० तासांचा, निवासी होता, फी नव्हती. त्यानंतर एका कंपनीत साईटवर चार वर्षं होते, आता समुद्रपूर-हिंगणघाट भागात स्वतः काम घेते. सुरुवातीला वावरात गेले की लोक माझ्या मागे पाहायचे, मिस्त्री कुठे आहे म्हणून. आता फोन करून बोलावतात.

माझं मत असं आहे की तुम्हाला तीन महिन्यांची गरज नाही. त्यातला पुष्कळ वेळ वायर सोलणं, अर्थिंगचा खड्डा, सिरीज-पॅरलल, मोटार म्हणजे काय, यात जातो. हे तुम्हाला येतं. माझ्यासोबतच्या पोरांना पॅनल जोडता यायचं, पण पंप पाणी का देत नाही हे शोधता यायचं नाही. तो शोध तुम्ही वीस वर्षं करता आहात.

तुमच्याकडे नाही ती एकच गोष्ट, डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. आणि ती जपून शिकायची आहे, कारण तिथे चुकीला माफी नाही. ५ एचपीच्या पंपाला साधारण ४,८०० वॅटचे पॅनल असतात. एसी मोटारवाल्या पंपात ते बहुतेक एका ओळीत सिरीजमध्ये जोडलेले असतात. एका पॅनलचं मोकळं, म्हणजे लोड नसताना मोजलेलं, व्होल्टेज ४५ धरलं तर १४ पॅनलचे ६३० होतात. तुम्ही आजवर ४१५ वर काम केलं. पण खरा फरक आकड्याचा नाही. एसीमध्ये ठिणगी पडली तर ती विझते, कारण करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. डीसी शून्यावर येतच नाही. चालू पंपाचं कनेक्टर ओढलं तर ठिणगी ताणत जाते, हात भाजतो, कनेक्टर जळतो. आणि पॅनलला मागे कुठेही डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, नाही, मेन स्विच नाही. ऊन आहे तोवर ती तार जिवंत आहे. म्हणून कंट्रोलर बंद, मग डीसीचा आयसोलेटर, म्हणजे वीज तोडायचा स्विच, पाडायचा, मीटरने पाहायचं, मगच हात लावायचा. दर वेळी, घाई असली तरी.

तुमचा टॉंग टेस्टर, म्हणजे तारेभोवती लावून करंट मोजायचा चिमटा, इथे चालणार नाही. नेहमीचा टॉंग टेस्टर फक्त एसीचा करंट दाखवतो, डीसीवर शून्य दाखवेल आणि तुम्हाला वाटेल करंटच नाही. एसी-डीसी दोन्हीचा क्लॅम्प मीटर घ्या, हजार व्होल्ट डीसीपर्यंत मोजणारा आणि चांगल्या प्रोबचा. त्यात पैसे वाचवू नका. दुसरं, पॅनलच्या तारा जोडायच्या एमसी फोर कनेक्टरचं क्रिंपिंग टूल, म्हणजे कनेक्टर दाबून बसवायचं हत्यार. या दोन वस्तू आणि तुमचा इन्सुलेशन तपासायचा मेगर, बस.

आता एक गोष्ट सांगते, म्हणजे शिकायचं काय ते कळेल. समुद्रपूर तालुक्यात एक पंप सकाळी नऊला छान चालायचा आणि साडेअकरा वाजले की बंद पडायचा. दुपारी चारनंतर पुन्हा चालू. शेतकरी म्हणे गरम होतो, त्याने कंट्रोलरवर गोणपाट ओला करून टाकला होता. एक जण येऊन पॅनल धुऊन गेला. मी गेले तेव्हा मोकळं व्होल्टेज मोजलं, पूर्ण होतं. मग पंप चालू करून मोजलं तर ऊन चढेल तसं व्होल्टेज पडत जात होतं. मोकळं असताना पूर्ण आणि लोडवर कमी, याचा अर्थ वाटेत कुठेतरी सांधा ढिला. सकाळी करंट कमी म्हणून निभावतं, दुपारी करंट वाढला की त्या सांध्यावरच सगळं व्होल्टेज खर्च होतं आणि कंट्रोलर पंप बंद करतो. पंप बंद करून, आयसोलेटर पाडून, एकेक कनेक्टर पाहत गेले. नवव्या पॅनलच्या मागे एक सापडला, प्लास्टिक वितळून चिकटलेलं. बसवताना कोणीतरी टूलऐवजी पकडीने दाबला होता. साठ रुपयांच्या सांध्यापायी त्या माणसाची अर्धी पऱ्हाटी पाण्यावाचून राहिली होती. तुमच्या भागात असे कितीतरी सांधे असतील, दादा.

कामाचं म्हणाल तर, हमीतल्या पंपाला हात लावू नका. तुम्ही उघडलं की कंपनी म्हणेल आता आमची जबाबदारी नाही, आणि नुकसान शेतकऱ्याचं. म्हणून म्हटलं, झाकण लावलं ते बरं केलं. पण एक हिशेब करा. मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजना २०१८ च्या शेवटी मंजूर झाली, एक लाख पंपांची. ते पंप २०१९, २०२० मध्ये लागले. त्यांची पाच वर्षं संपली किंवा संपत आली. ते पंप आता कोणाचे? तिथे तुमचं काम आहे. आणि हमीतल्या पंपांसाठी पुरवठादारांना तालुक्यात सेवेला माणूस हवाच असतो, यवतमाळहून एका कनेक्टरसाठी गाडी पाठवणं त्यांना परवडत नाही. त्यांना जाऊन भेटा. पण सरांनी सांगितलेला परवाना आधी काढा.

पावसाळ्यात शेतीचं काम थंड असतं तेव्हा छतावरचं सोलर पाहा. फेब्रुवारी २०२४ पासून सूर्यघर योजना आहे, एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यावर ७८ हजार अनुदान. तालुक्याच्या गावांत मागणी आहे. तिथे तुम्ही आधी दुसऱ्याच्या हाताखाली दहा-बारा घरं करा. छतावरून पडणारे मी पाहिले आहेत, दोरी बांधल्याशिवाय चढू नका.

वाटल्यास एक दिवस इकडे या. माझ्यासोबत दोन पंप पाहा. फी नको.

वरूडचा संत्रावाला

माह्या वावरात २०२० साली ५ एचपीचा सौर पंप लागला. पाच वर्षं झाली, हमी संपली. त्याच्या आधीच कंपनीचा नंबर लागणं बंद झालं होतं. संत्र्याचा मृग बहार घ्याचा का आंबिया, हे पाण्यावर ठरते. मोटार चार दिवस बंद राह्यली तर फळ गळते, मग कितीही पाणी द्या, गेलेलं फळ परत येत नाई.

मले इंजिनिअर नाई पायजे. दहा कोसावर एक माणूस पायजे, जो फोन केला का दुसऱ्या दिवशी येते आणि काय बिघडलं ते खरं सांगते. मागच्या खेपेला एक जण आला, पाह्यलं न पाह्यलं आणि म्हणे कंट्रोलरच बदला, अठ्ठावीस हजार. शेजाऱ्याच्या पोट्ट्यानं वायर हलवून पाह्यली तर उंदरानं कुरतडली होती. अठ्ठावीस हजारचा खर्च वाचला.

आमी आठ जण आहो शिवारात, सगळ्यायचे सौर. कोणी वर्षाचं ठरवून घेत असन, दोनदा येऊन पाहून जाईन, तर आमी आठही जण पैसे देऊ. तुमी आर्णीले आहा, लांब पडते. पण तुमच्याकडेबी असेच आठ जण असतीन, त्यायले इचारून पाहा.

आर्णीचा वाइंडिंगवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. पुसदकर भाऊ, चाकणचा विचार सोडला. मावसभावालाही फोन करून सांगितलं, तोही म्हणाला बरं केलं.

सर, परवाना नव्हताच. वीस वर्षांत कधी गरज पडली नाही आणि कोणी सांगितलंही नाही. ट्रंकेतून प्रमाणपत्र काढलं, यवतमाळला जाऊन आलो. अर्ज दिला आहे. एक झेरॉक्स कमी पडली म्हणून दुसरी चक्कर झाली, दलाल मात्र केला नाही.

ताई, तुमच्याकडे येऊन गेलो ते इथे मुद्दाम लिहितो, म्हणजे दुसऱ्या कोणाला वाटलं तर तोही कुणाकडे तरी जाईल. एका दिवसात तीन पंप पाहिले. कनेक्टर दाबायचं टूल तुम्ही माझ्या हातात देऊन वीस वेळा करून घेतलं आणि प्रत्येक वेळी ओढून पाहिलं. पहिले चार सुटले. क्लॅम्प मीटर मी नागपूरहून मागवला.

आता इकडची गोष्ट. गेल्या आठवड्यात गावातल्या एका शेतकऱ्याचा पंप पाहिला, २०१९ चा, हमी संपलेली. कंट्रोलर चालू केला की दोन मिनिटांत लाल दिवा. लोकांनी त्याला सांगितलं होतं की कंट्रोलर गेला. मी तुम्ही सांगितलेल्या क्रमाने गेलो. आयसोलेटर पाडला, पॅनलकडचं मोजलं, ६१२ आलं. म्हणजे वरची बाजू ठीक. मग मोटारीच्या तिन्ही तारा कंट्रोलरमधून सोडवल्या. मेगर लावायच्या आधी तारा सोडवायच्या, नाहीतर मेगरचं व्होल्टेज कंट्रोलरमध्ये जातं, हे तुम्ही दोनदा बजावलं होतं. मेगर लावला तर काटा शून्याला टेकला. विहिरीतून मोटार वर काढली. चार जण लागले. केबलचा सांधा साध्या टेपने गुंडाळलेला, आत पाणी. तो कापला, नव्याने जोडला, बादलीत बुडवून पुन्हा मेगर केला. या वेळी काटा शून्याकडे हलला नाही. मोटार उतरवली आणि अकरा वाजता पाटात पाणी आलं. हरभरा होता त्याचा, फुलावर आलेला.

मोटार वर काढल्यावर मी तिचा मागचा भाग उघडून पाहिला होता. सहा इंची, २४ स्लॉट, तीच तार. मी तिथेच बायकोला फोन केला आणि सांगितलं.

काकांनी वरूडहून लिहिलं तसं गावात विचारलं. पाच जण वर्षाच्या कराराला हो म्हणाले, दोघं नाही म्हणाले, बाकीचे हमीतले आहेत. वर्षातून दोन भेटी, पावसाळ्यानंतर एक आणि उन्हाळ्याआधी एक: कनेक्टर, अर्थिंग, स्ट्रक्चरचे नट, मेगर. दर अजून ठरवला नाही. इतर कोणी असा करार करत असेल तर किती घेता ते सांगा, म्हणजे शेतकऱ्याला जड जाणार नाही आणि माझं पेट्रोलही निघेल.

आणि ताई, एक अडलं आहे. एकाकडे ३ एचपीचा डीसी पंप आहे, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा. त्याच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, चुंबक असतात असं तुम्ही सांगितलं होतं. मोटार कोरडी चालून गरम झाली होती, आता पाणी अर्धंच देते. वाइंडिंग मेगरला चांगलं आहे, तिन्ही फेजचा रेझिस्टन्सही सारखा आहे. चुंबक उतरले असावेत, म्हणजे त्यांची ताकद कमी झाली असावी, असा माझा अंदाज आहे. पण मोटार पूर्ण खोलायच्या आधी ते तपासायचं कसं? शेतकऱ्याला मी रविवारपर्यंतचा शब्द दिला आहे.

सौर तंत्रज्ञ, हिंगणघाट

दादा, मोटार सोडवून शाफ्ट ठराविक वेगाने फिरवा, ड्रिल लावून केलं तरी चालेल, आणि तिन्ही तारांमध्ये दोन-दोन करून एसी व्होल्टेज मोजा. तिन्ही जोड्यांत सारखं यायला हवं. तुमच्याकडच्या दुसऱ्या कोणाची त्याच मॉडेलची चांगली मोटार मिळाली तर तिचंही त्याच वेगाला मोजा. जिचं कमी येईल तिचे चुंबक उतरले. शाफ्ट मोकळी फिरते का तेही आधी हाताने पाहा, बेअरिंग गेलेलं असलं तरी पाणी कमी होतं. शनिवारी संध्याकाळी फोन करा, आकडे सांगा.